जे दिले नाही ते घेऊ नये : स्टेजवरची नर्तिका आणि समोर बसलेले आपण

मागच्या फेब्रुवारीत पूर्णा तालुक्यातल्या एका गावात शाळा सोडलेल्या मुलींची यादी करायला गेले होते. योगायोगाने त्याच दिवशी गावची जत्रा होती आणि रात्री लावणीचा कार्यक्रम. परतीची गाडी चुकली, म्हणून ओळखीच्या एका काकूंकडे थांबले आणि त्यांच्यासोबत मैदानात जाऊन बसले. बायका मागे, पुरुष पुढे. सगळीकडे असते तशीच मांडणी.

तिसऱ्या गाण्याला एक पोरगा स्टेजवर चढला. पाचशेची नोट त्याने ओठांत धरली होती. नाचणारी हसली, हात पुढे केला, नमस्कारही केला. त्याने नोट दिली नाही, तिचं मनगट धरलं. ढोलकी चालू राहिली. तिने हात सोडवून घेतला तेव्हा समोरच्या गर्दीतून हशा आणि शिट्ट्या. माइकवरचा माणूस हसत म्हणाला, "पाव्हणं, जरा खाली बसून घ्या." बस्स, तेवढंच.

त्या पोराला मी ओळखत होते. आपल्याच वस्तीतला. परभणीत १० डिसेंबर २०२४ रोजी रेल्वे स्थानकासमोर, बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी असलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, तेव्हा तो रस्त्यावर उतरला होता. सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाल्यावर निघालेल्या मोर्चातही होता. "आमच्या आत्मसन्मानाला हात लावाल तर" ही घोषणा त्याच्या तोंडून मी स्वतः ऐकली आहे.

कार्यक्रम संपल्यावर मी स्टेजच्या मागे गेले. बायकांची कपडे बदलायची जागा म्हणजे ताडपत्री टाकलेली ट्रॅक्टरची ट्रॉली. मघाची ती मुलगी खाली बसून चाळ सोडत होती. मी पाण्याची बाटली पुढे केली. माझ्या पिशवीवरचा अशोकचक्राचा बिल्ला बघून ती म्हणाली, "जय भीम, ताई." मग हळू आवाजात विचारलं, "ताई, इथं लाइट असलेलं बाथरूम कुठं आहे का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी विहारासमोर चर्चा झाली. दोन पक्ष पडले. वयस्क मंडळी म्हणाली, असले कार्यक्रमच बंद करा, समाजाची अब्रू जाते. तरुण म्हणाले, पैसे मोजले होते, फुकट थोडीच बघितलं. पाऊण तास दोन्हीकडून आवाज चढत राहिले. मनगट धरलं ते चुकलं का, हा प्रश्न कोणीच काढला नाही. हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे.

पैसे नेमके कशाचे दिले?

आधी हा व्यवहार समजून घेऊ. आपल्याकडे बाईचा नाच पैसे देऊन बघण्याचे प्रकार बरेच आहेत. ढोलकी फडाचा तमाशा आहे, ज्यात गण, गवळण, बतावणी आणि वग असतो. संगीत बारी आहे, जी कला केंद्रांत, थिएटरांत चालते. चौफुला, मोडनिंब, जामखेड ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तमाशाचे फड उतरतात, लावणी महोत्सव होतो. परभणीतून तिकडे जाणारे कमी नाहीत. आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत वाढलेला प्रकार म्हणजे ऑर्केस्ट्रा आणि 'लावणी शो'. जत्रा, पुढाऱ्याचा वाढदिवस, दहीहंडी, हळद, कशालाही त्याची सुपारी दिली जाते.

फडाचा हंगाम साधारण दसऱ्याला सुरू होतो आणि बुद्ध पौर्णिमेच्या आसपास संपतो. म्हणजे आपल्या धम्मचक्र प्रवर्तनाच्या सणापासून तथागतांच्या जयंतीपर्यंत या बाया रोज नव्या गावात असतात. रात्री नाच, पहाटे ट्रकमध्ये सामान, दिवसा प्रवास. हंगामाआधी मालकाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. आजारपण असो, पाळी असो, पोटात बाळ असो, बोर्डवर उभं राहावंच लागतं. विठाबाई नारायणगावकर यांची गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे: खेळ चालू असताना पडद्यामागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या. ही गोष्ट आपण 'केवढी कलेवरची निष्ठा' म्हणून सांगतो. त्या रात्री समोर बसलेल्या लोकांमुळे एका ओल्या बाळंतिणीला उभं राहावं लागलं, अशी सांगून बघा. मग गोष्टीचा अर्थ बदलतो.

त्या बाईला मिळणारा पैसा दोन वाटांनी येतो. एक ठरलेली बिदागी किंवा पगार. दुसरी दौलतजादा. आवडीच्या गाण्याची फर्माईश करायची, पैसे द्यायचे, देणाऱ्याचं नाव सगळ्यांसमोर पुकारलं जायचं. जुनी पद्धत आहे ही. आलेला पैसा पार्टीत वाटला जातो, साजिंद्यांचाही त्यात वाटा असतो. बक्षीस म्हणून ती वाईट नाही. खोट आहे ती देण्याच्या पद्धतीत. नोट उंच धरायची, तिला जवळ यायला लावायचं, ती आली की हात मागे घ्यायचा, दोनदा-तीनदा फिरवायचं, बोट धरायचं आणि मग सोडायची. शंभराची नोट देऊन तिला दहा वेळा वाकायला लावण्यात जी मजा वाटते, ती नाचाची मजा नाही. कोणालातरी आपल्यासमोर वाकवता येतं, याची ती मजा आहे. आपल्या आजोबा-पणजोबांना ज्यांनी वेशीवर उभं करून वरून भाकर टाकली, त्यांनाही हीच मजा येत होती.

म्हणून "पैसे मोजले होते" या वाक्याचा हिशोब नीट करावा लागेल. पैसे नाचाचे मोजले. गाण्याचे मोजले. तिच्या मनगटाचे, तिच्या फोटोचे, कार्यक्रमानंतरच्या तिच्या फोन नंबरचे पैसे कोणी मोजले नव्हते, कारण ते तिने विकायला काढलेच नव्हते.

नाचणारी कोण आणि बघणारा कोण?

समाजशास्त्र शिकताना एक सवय लागते. कुठल्याही चित्रात वर कोण आणि खाली कोण, हे आधी बघायचं. तमाशाच्या चित्रात ते फार स्पष्ट दिसतं. नाचणाऱ्या स्त्रिया प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी, डोंबारी या जातींतल्या. सुपारी देणारा, पुढच्या खुर्चीवर बसणारा, 'मालक' म्हणवून घेणारा बहुतेक वेळा गावातला जमीनदार, पाटील, सावकार. विठाबाई मातंग समाजातल्या. पवळा हिवरगावकर महार समाजातल्या. पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे ब्राह्मण शाहीर त्यांच्यासोबत फड गाजवत होते. शाहिराला 'पठ्ठे' ही पदवी मिळाली, पवळाच्या वाट्याला काय आलं ते आपण फारसं विचारलं नाही.

हा प्रश्न विचारणाऱ्या दोन अभ्यासक स्त्रियांची नावं आपल्या तरुणांना माहीत असायला हवीत. दिवंगत शर्मिला रेगे यांनी लावणीकडे जात आणि लिंगभाव या नजरेने बघायला शिकवलं. आणि पुण्याच्या येरवड्यातल्या वस्तीत वाढलेल्या, आता अमेरिकेत इतिहास शिकवणाऱ्या शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित स्त्रियांवर २०२२ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. २०२४ ची मॅकआर्थर फेलोशिप त्यांना मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाने बातमी फॉरवर्ड केली. त्यांच्या मांडणीचा एक धागा साध्या शब्दांत असा: 'अश्लील' हा शिक्का जातीच्या हातात असतो. एकच शृंगार दरबारात 'कला' होतो आणि महारवाड्यातल्या बाईने केला की 'घाण' होतो.

किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ मध्ये आलं. तमाशात नाचणाऱ्या बाईचा हा मुलगा पुढे डॉक्टर झाला. वडिलांच्या नावाच्या जागी त्याने आईचं नाव लावलं. 'चिरा उतरणं' म्हणजे काय, कोवळ्या मुलीवर पैसेवाल्या माणसाचा हक्क कसा लागतो, तो माणूस कंटाळला की पोटातल्या लेकरासकट तिला कसा टाकून देतो, हे वाचताना एक गोष्ट पक्की लक्षात येते. त्या पुस्तकातला प्रत्येक पुरुष आधी एक साधा प्रेक्षक म्हणूनच आला होता. त्याची सुरुवात शिट्टीपासून झाली होती.

आता या चित्रात एक बदल झाला आहे. पुढच्या खुर्चीवर आज पाटलाच्या पोरासोबत आपलाही पोरगा बसतो. त्याच्या खिशातही पाचशेची नोट आहे. शिक्षणाने, नोकरीने, शहरातल्या कामाने ती आली, बाबासाहेबांमुळे आली. तिचं काय करायचं हे ठरवताना त्याने पाटलाच्या पोराचीच नक्कल केली, तर मग बदललं काय? फक्त खुर्चीवरचा माणूस.

बाबासाहेबांनी काय नाकारलं?

"बाबासाहेबांनी तमाशाचा पैसा नाकारला होता" हे वाक्य विहारासमोरच्या चर्चेत वयस्क मंडळींनी तीनदा म्हटलं. महाड सत्याग्रहाच्या निधीसाठी पठ्ठे बापूराव पैसे घेऊन आले आणि आपल्या स्त्रियांना नाचवून मिळवलेला पैसा मला नको, असं सांगून बाबासाहेबांनी ते परत केले, अशी आठवण चळवळीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. १६ जून १९३६ रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणी आणि कामाठीपुऱ्यातल्या स्त्रियांपुढे त्यांनी भाषण केलं, तेही कठोर होतं. हा धंदा सोडा, लग्न करा, इतर स्त्रियांसारखं सन्मानाने जगा, असा त्याचा आशय होता.

ही कठोरता लपवायची गरज नाही. पण ती कोणावर होती हे बघा. त्या सभेत बाबासाहेब त्या स्त्रियांसमोर उभे राहिले. त्यांना सभेला बोलावलं, धर्मांतराच्या मोठ्या निर्णयात त्यांना भागीदार मानलं. दूर उभं राहून त्यांच्यावर थुंकले नाहीत. आणि तमाशाच्या पैशाची आठवण तर आपल्या बाजूने कमी, आपल्या विरोधात जास्त जाते. नाकारला गेला तो नाचवणाऱ्याचा पैसा. बाईची कमाई खाणारा, तिच्या नाचावर आपला मोठेपणा मिरवणारा जो कोणी, त्याला ते उत्तर होतं.

आपण सोपा अर्थ काढला. रात्री पुढच्या रांगेत बसायचं आणि सकाळी विहारात "समाजाची अब्रू" म्हणायचं. दोन्ही वेळा ती बाई माणूस म्हणून हिशोबातच नाही. रात्री ती मजा असते, सकाळी डाग.

मी स्वतः या मताची आहे की आपल्या एकाही मुलीला उचल फेडण्यासाठी नाचावं लागू नये. ज्या दिवशी ती मनासारखं दुसरं काम निवडू शकेल त्या दिवसासाठीच आमची शाळेची यादी असते. पण तो दिवस येईपर्यंत आज रात्री जी स्टेजवर उभी आहे तिच्याशी कसं वागायचं, हा प्रश्न पुढे ढकलता येत नाही. तिचा सन्मान ती धंदा सोडेल त्या तारखेपासून सुरू होत नाही.

बंदीने काय झालं, न्यायालयाने काय सांगितलं

"कार्यक्रमच बंद करा" हा उपाय महाराष्ट्राने एकदा मोठ्या प्रमाणावर करून बघितला आहे. २००५ मध्ये तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने डान्स बारवर बंदी आली. कारणं दिली गेली ती संस्कृती, तरुण पिढी, उद्ध्वस्त संसार. बंदीतून तीन तारांकित आणि त्यावरची हॉटेलं मात्र वगळली होती. म्हणजे श्रीमंताने बघितला तर नाच, गरिबाने बघितला तर अनाचार. सुमारे ७५ हजार स्त्रियांचं काम गेलं, असं न्यायालयात मांडलं गेलं. त्याच काळात एसएनडीटी विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्राने आणि स्त्री संघटनेने ५०० बारबालांशी बोलून अभ्यास केला होता. परंपरेने नाचणाऱ्या जातींतल्या मुली त्यात मोठ्या संख्येने होत्या. जात इथेही सोबत आलीच.

एप्रिल २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला आणि रोगापेक्षा उपाय वाईट ठरल्याचं नोंदवलं. काम गेलेल्या अनेक स्त्रिया देहविक्रीकडे ढकलल्या गेल्या होत्या. पुढे २०१४ ची दुरुस्ती, मग २०१६ चा नवा कायदा आणि शेवटी १७ जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल.

हा २०१९ चा निकाल आपल्या विषयासाठी फार महत्त्वाचा आहे, पण त्याची ही बाजू कोणी सांगत नाही. बारमध्ये सीसीटीव्हीची सक्ती न्यायालयाने रद्द केली, कारण त्यात खासगीपणाचा भंग होतो. नाचणारीला टीप म्हणजे बक्षीस देता येईल, असं सांगितलं. मात्र तिच्या अंगावर नोटा उधळण्यावरची, पैसे फेकण्यावरची बंदी कायम ठेवली. काम करणाऱ्या स्त्रियांशी लेखी करार करावा ही अटही टिकली.

देणं आणि फेकणं यांतला फरक देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला समजावून सांगावा लागला. वेशीवरच्या भाकरीची आठवण ज्यांच्या घरात आहे, त्यांना तरी तो न सांगता कळायला हवा. हातात दिलं तर ती मजुरी, अंगावर फेकलं तर ती भीक.

मोबाइल हे नवं हत्यार

पूर्वी प्रेक्षकाचा हात पोहोचेल तेवढाच धोका होता. आता मोबाइल आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये नृत्यांगना गौतमी पाटील यांचा कपडे बदलतानाचा व्हिडिओ चोरून काढून पसरवला गेला. पुण्यात गुन्हा नोंदला गेला. पण तो व्हिडिओ ज्या लाखो मोबाइलवरून पुढे गेला त्यातला एखादा आपला नव्हता, असं छातीठोक कोण सांगेल? ज्या कलावतीसोबत कार्यक्रमाला इतका बंदोबस्त असतो तिची ही गत, तर ताडपत्रीच्या ट्रॉलीत कपडे बदलणाऱ्या अनोळखी मुलीची काय असेल?

हा प्रश्न जगभरचा आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये 'लस्टी लेडी' नावाच्या क्लबमधल्या नग्न नृत्य करणाऱ्या स्त्रियांनी १९९० च्या दशकात कामगार संघटना बांधली. एकतर्फी काचेआडून ग्राहक चोरून चित्रीकरण करतात, ही त्यांची एक मुख्य तक्रार होती. लॉस एंजेलिसमधल्या 'स्टार गार्डन' क्लबच्या नर्तिका २०२२ मध्ये कामाबाहेर पडल्या, कारण ग्राहकांनी हात टाकला, व्हिडिओ काढला तरी सुरक्षारक्षक मधे पडत नव्हते. वर्षभर लढून २०२३ मध्ये त्या नाट्यकलावंतांच्या राष्ट्रीय संघटनेत सामील झाल्या. मार्च २०२४ मध्ये वॉशिंग्टन राज्याने अशा नर्तिकांच्या संरक्षणासाठी कायदाच केला: क्लबमध्ये सुरक्षारक्षक हवा, कपडे बदलायच्या खोलीला कुलूप हवं, एकटी सापडली तर दाबायला धोक्याची घंटा हवी.

ती संस्कृती आपली नव्हे, तिचं समर्थन करायला हे लिहिलेलं नाही. पण बघा, पूर्ण कपड्यांत नाचणारी आपली मुलगी आणि तिथली नग्न नर्तिका एकच गोष्ट मागते आहे: माझ्या अंगाला हात लावू नका, माझा व्हिडिओ काढू नका, मला बंद होणारं दार द्या. कपडे किती होते याचा त्या मागणीशी काहीच संबंध नाही, हे यातून दिसतं.

आपल्याकडे कायदा नाही असं मात्र नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ७४ बाईच्या विनयभंगासाठी हात टाकणाऱ्याला एक ते पाच वर्षांची कैद सांगतं. कलम ७९ मध्ये शेरेबाजी आणि हावभाव येतात. कलम ७७ मध्ये चोरून चित्रीकरण करणारा येतो आणि ते पसरवणाराही येतो. बाई अनुसूचित जाती-जमातीची असेल आणि आरोपी त्या प्रवर्गाबाहेरचा असेल, तर ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आलेली तरतूदही लागते. तिच्या संमतीशिवाय लैंगिक हेतूने केलेला स्पर्श हा त्यात वेगळा गुन्हा आहे. कोल्हाटी समाज महाराष्ट्रात भटक्या जमातींत मोडतो, त्यामुळे त्या मुलीला हे संरक्षण मिळत नाही. आणि यातल्या एकाही कलमात "स्टेजवर नाचणारी वगळून" असे शब्द नाहीत.

पंचशील म्हणताना

आपण रोज पंचशील म्हणतो. तिसऱ्या शीलावर आपल्याकडे भरपूर बोललं जातं. मला या विषयात दुसरं शील जास्त महत्त्वाचं वाटतं: अदिन्नादाना. 'चोरी करू नये' असा त्याचा अर्थ लहानपणी सांगितला गेला. पालीतला शब्द अधिक नेमका आहे. जे दिलेलं नाही ते घेणं, यापासून दूर राहणं. तिने नाच दिला, तो घ्या. हसू दिलं, घ्या. स्पर्श दिला नाही, तर तो घेतला की अदिन्नादान. फोटो दिला नाही, तर तोही. चोरी फक्त पाकिटाची नसते.

चौथं शील वाणीचं. स्टेजवरच्या बाईला उद्देशून जे ओरडलं जातं ते आपल्या बहिणीसमोर उच्चारता येईल का, एवढी कसोटी पुरे. पाचवं शील मद्याचं. जत्रेतली नव्वद टक्के भांडणं बाटलीपासून सुरू होतात, हे सांगायला आकडेवारी लागत नाही, गावातल्या कोणालाही विचारा.

आणि आम्रपाली आठवा. वैशालीची नगरवधू. तिने तथागतांना भोजनाचं निमंत्रण दिलं, त्यांनी मौनाने स्वीकारलं. लिच्छवी राजपुत्र रथांतून आले. हे भोजन आम्हाला दे, एक लाख देतो, असं तिला म्हणाले. तिने नकार दिला. मग ते तथागतांकडे गेले, तर तिथेही उत्तर तेच: आम्रपालीला शब्द दिला आहे. पुढे तिने आपलं आम्रवन संघाला दिलं आणि ती स्वतः भिक्खुणी झाली, थेरी म्हणून पूजनीय ठरली. आपण ही गोष्ट 'वेश्येचा उद्धार' म्हणून सांगतो. मला त्यातला पहिला प्रसंग मोठा वाटतो. तिने काहीही सोडण्याच्या आधी, ती नगरवधू असतानाच, तिचं निमंत्रण राजपुत्रांच्या निमंत्रणाइतकंच खरं मानलं गेलं. आदर आधी आला, बदल नंतर.

आपल्या गावात काय करता येईल

परभणी जिल्ह्यात जत्रेचा हंगाम येईल तेव्हा आपल्या मुलांनी, मंडळांनी पुढील गोष्टी कराव्यात, असं मला वाटतं. यातली एकही खर्चिक नाही.

पंच कमिटीत किंवा ग्रामपंचायतीत आपला माणूस असेल तर त्याने सुपारी ठरवतानाच चार अटी घालाव्यात. कपडे बदलायला शाळेची किंवा समाजमंदिराची कडी लागणारी खोली. दिवा आणि पाणी असलेलं स्वच्छतागृह. स्टेज आणि प्रेक्षक यांच्यात बांबूचं कठडं. आणि ठरलेले पैसे कार्यक्रमाआधी पूर्ण चुकते. कार्यक्रमानंतर पैशासाठी ताटकळणाऱ्या पार्टीला कोणीही वाकवू शकतो.

बक्षीस द्यायचं तर स्टेजखाली एक टेबल ठेवा. तिथे पैसे द्या, नाव सांगा, निवेदक पुकारेल. नाव तर हवंच ना? ते मिळेल. वर चढायचं कारण उरणार नाही.

रात्री दहाची वेळ पाळा. कार्यक्रम संपल्यावर पार्टीची गाडी गावाबाहेर पडेपर्यंत चार जबाबदार पोरं आणि दोन बायका तिथे थांबू द्या. "जेवायला थांबा, मुक्काम करा" हा आग्रह करू नका; तो आग्रह कशासाठी असतो ते त्यांनाही कळतं आणि आपल्यालाही.

पुढच्या रांगेतल्या मित्राने हात पुढे केला तर त्याचा हात धरा. पोलिसांना बोलवायची वेळ आलीच तर ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेतच, पण नव्वद वेळा मित्राचा शब्द पुरतो. "अरे, खाली बस" हे माइकवरून हसत म्हटलं तर तो विनोद होतो. शेजारच्या माणसाने खांद्यावर हात ठेवून म्हटलं तर पोरगा खरंच बसतो.

आणि हे सगळं करूनही ज्यांना असले कार्यक्रम नकोत, त्यांनी ग्रामसभेत तसं मांडावं. जत्रेच्या वर्गणीतून शाहिरी जलसा ठेवा, वाचनालय करा, मी तुमच्यासोबत आहे. आपला आंबेडकरी जलसा तमाशाच्या साच्यातूनच घडला, हे विसरू नका. भीमराव कर्डकांनी ते करून दाखवलं. पण बंद करण्याची मागणी करताना त्या बाईला शिवी देऊ नका. तिच्या मुलीला वसतिगृहात प्रवेश कसा मिळेल, जातीचा दाखला कसा निघेल, हेही विचारा. मालकाची उचल फेडायला तिच्याकडे दुसरं काय आहे, हेही.

त्या गावात मी दोन महिन्यांनी, एप्रिलमध्ये पुन्हा गेले. जयंतीची तयारी चालली होती. तो पोरगा कमानीला निळे झेंडे बांधत होता. मला बघून खाली उतरला. मी त्याला रागावले नाही. ती मुलगी मला 'जय भीम' म्हणाली होती, एवढंच सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, मला माहीत नव्हतं ती आपली आहे."

मी त्याला तेव्हा जे उत्तर दिलं, त्यावरच हा लेख संपवते. ती आपली नसती तरी मनगट तिचंच होतं.

नमो बुद्धाय. जय भीम.